सिकॅमोरखालची कोरडी सावली

इंग्लंडला यायचं ठरलं तेव्हा सांगलीच्या मावशीने दोन छत्र्या दिल्या. त्यातली एक अजून कोरी आहे. मी एसेक्समध्ये राहते. या भागात वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याहूनही कमी. फक्त तो बारा महिने चिमूटचिमूट पडतो, म्हणून जास्त वाटतो.

ऑफिसातली नोकरी सोडून मी बागकाम शिकायचं ठरवलं, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या इथल्या बागकाम संस्थेचा लेव्हल २ चा अभ्यास केला आणि मिळेल तिथे हाताखाली काम केलं. पहिल्याच घरी सिकॅमोरच्या मोठ्या झाडाखालचा पट्टा माझ्या गळ्यात पडला. 'सावलीसाठी' असं लेबल बघून मे महिन्यात होस्टा या रुंद पानांच्या रोपाच्या मोठ्या कुंड्या आणल्या, फावड्याने दणादण खड्डे काढले. जुलैत पानांच्या कडा पापडासारख्या कुरकुरीत झाल्या, उरलेलं गोगलगायींनी फस्त केलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं, चिंचेखाली कधी काही उगवतं का?"

एकदा चांगली सर येऊन गेल्यावर खुरपं घेऊन तिथे बसले. वरची माती बोटभरही ओली नव्हती. खाली कोरडी ठाक, राखेसारखी, आणि तिच्यात बारीक मुळ्यांचं जाळं, अगदी काथ्याच्या पायपुसण्यासारखं. बराचसा पाऊस पानंच अडवतात, खाली येतो तो झाड पितं. सावलीची धास्ती मी उगाच घेतली होती; खरी अडचण कोरड्या मातीची होती.

नव्याने शिकणाऱ्यांनी अशा झाडाखालची लावणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करावी. माती अजून उबदार असते, झाडाची पानं गळायला लागतात, पाऊस खाली पोचतो. रोपं ९ सेंटिमीटरच्या कुंडीतलीच घ्या; मोठ्या रोपासाठी मुळ्या तोडाव्या लागतात, छोटं दोन मुळ्यांच्या बेचक्यात बसतं. लावण्याआधी कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. वरून कुजलेल्या पाल्याचा चार-पाच सेंटिमीटर थर पुरे, आणि तो बुंध्याला टेकवू नका. पहिला उन्हाळा मात्र आठवड्यातून एकदा झारीने भरपूर पाणी. रोज शिंपडलेलं वरच्या वर उडून जातं.

माझा सगळ्यात भरवशाचा गडी एपिमिडियम. हृदयाकृती पानं, वसंतात बारीक पिवळी फुलं, एकदा रुजलं की पाण्यासाठी रडत नाही. जुनी पानं फेब्रुवारीत जमिनीलगत कापायची. मी एका वर्षी मार्च संपताना कापली आणि पानांबरोबर कळ्याही गेल्या. दुसरं जिरेनियम मॅक्रोऱ्हायझम. त्याच्या पानांचा उग्र वास संध्याकाळपर्यंत हाताला राहतो, आणि तुटलेली फांदी खोचली तरी जगते. सायक्लेमेन हेडरिफोलियमची तर मला गंमत वाटते. ऐन उन्हाळ्यात झाड सगळं पाणी ओढत असतं, तेव्हा हा कंद झोपलेला असतो. शरदात आधी फुलं येतात, मग नक्षीदार पानं, ती थेट वसंतापर्यंत. युफोर्बिया रॉबी कुठेही तगतो, पण पसरतो फार. त्याचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना, तेव्हा हातमोजे घाला.

लेबलवरचा 'एच ५' म्हणजे रोप उणे १० ते उणे १५ अंशांपर्यंत तग धरतं. थंडीचं एवढं कळतं, दुष्काळाचं त्यात काहीच नसतं. ते कळायला कोल्चेस्टरजवळची बागकामतज्ज्ञ बेथ चॅटो यांची बाग बघावी. १९६० मध्ये त्यांनी ती सुरू केली, आणि जागा बघून झाड निवडायचं हा त्यांचा हट्ट तिथे ओक वृक्षांखाली डोळ्यांनी दिसतो. मी वही घेऊन गेले होते.

त्या सिकॅमोरवाल्या घरी मी शरदात पुन्हा लावणी केली. पहिल्या हिवाळ्यात मालकीणबाईंनी विचारलं, पैसे नक्की कशाचे घेतलेस? चूक माझीच, आधी बोलले नव्हते. आता काम घेतानाच सांगते: दोन वर्षं टक्कल दिसेल, तिसऱ्या वर्षी माती झाकली जाईल. ज्यांना हे पटत नाही त्यांना मी झाडाखाली एक छानसा बाक ठेवायला सांगते.