रोजच्या गाडीचा सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलायचाय, पण आवाज वाढवायचा नाही? मग हे वाचा

माझी गाडी २०१५ ची स्विफ्ट पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही. रोज पुण्यातून चाकणला शिफ्टला जातो, पहाटे पावणेपाचला सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी निघते आणि बरोबर वरच्या मजल्यावर एका घरात तान्हं बाळ आहे, शिवाय महिन्यातून एकदा-दोनदा आई-बाबांना घेऊन कोल्हापूर असतंच. म्हणजे गाडीत जीव पाहिजे होता पण आवाज नको होता. हे दोन्ही जमतं, फक्त काम कुठल्या क्रमाने करायचं ते कळायला हवं, मी एकदा उलटं केलं आणि पैसे गेले, तेही खाली सांगतोच.

आधी अपेक्षा ठरवून घ्या. १.२ लिटरच्या बिनटर्बो इंजिनला मागचा डबा आणि फिल्टर बदलून दोन-चार बीएचपी (इंजिनच्या ताकदीचं माप) मिळाले तरी खूप झालं. फरक जाणवतो तो वेगळा, चार हजार आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) वर इंजिन कोंडल्यासारखं वाटायचं ते जरा मोकळं होतं, ओव्हरटेक करताना गाडी पटकन उत्तर देते. तुमची गाडी टर्बो पेट्रोल असेल आणि खरंच ताकद पाहिजे असेल तर ती रिमॅपमधून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदलून) येते, सायलेन्सरमधून नाही. आणि कशालाही हात लावायच्या आधी प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई, टायरची हवा आणि क्लच बघून घ्या, कारण ज्या गाड्या 'पिकअप घेत नाही' म्हणून मॉडिफाय होतात त्यातल्या कितीतरी फक्त सर्व्हिस मागत असतात.

आता गाडीखाली काय काय असतं ते समजून घ्या. इंजिनमधून मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र आणणारा पाईप, मग कॅट म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर, पुढे लांब पाईप, मधे एक छोटा डबा ज्याला रेझोनेटर म्हणतात, आणि शेवटी बंपरखाली मोठा डबा, ज्याला आपण सरसकट सायलेन्सर म्हणतो. कॅटला हात लावायचा नाही, विषय संपला. तो काढला की पीयूसीला गाडी लटकते, चेक इंजिन लाईट येते, मागे रॉकेलसारखा उग्र वास सुटतो आणि आवाजाचा एक मोठा भाग जो कॅट गपचूप खात असतो तो बाहेर पडतो. मधला रेझोनेटरही राहू द्या. फॅब्रिकेटर म्हणेल की हा काढून सरळ पाईप टाकू, फ्लो मिळेल, तर नाही म्हणा, कारण तो डबा फ्लो फारसा अडवत नाहीच, तो फक्त कर्कश, पत्र्यासारखा आवाज मारतो. उरला शेवटचा डबा, आणि खरं काम तिथेच आहे.

कंपनीचा मागचा डबा बहुतेक वेळा आत कप्पे असलेला असतो, धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात वळत वळत जातो, आवाज मरतो पण धुराची वाटही अडते. त्याच्या जागी स्ट्रेट-थ्रू प्रकारचा घ्यायचा, म्हणजे आत एक भोकाभोकाचा सरळ पाईप आणि त्याच्याभोवती ग्लासवूल किंवा बेसाल्ट वूल भरलेलं. इथे लोक फसतात ते आकारात. दिसायला छान म्हणून छोटासा गोल डबा घेतात. आवाज शोषायला वूल लागतं आणि वूल मावायला जागा लागते, म्हणून बंपरखाली मावेल तेवढा लांब आणि जाड डबा घ्या. आतल्या पाईपला लागून स्टीलच्या वूलचा एक थर आणि त्यावर बेसाल्ट असं पॅकिंग असेल तर ते वर्षानुवर्षं टिकतं, नुसतं स्वस्त ग्लासवूल गरम धुराने हळूहळू उडून जातं आणि दोन वर्षांनी गाडी ओरडायला लागते. पाईपचा व्यास वाढवायचा मोह तर अजिबात नको. १.२ ला पावणेदोन इंच, फार तर दोन. अडीच इंच टाकला की धुराचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी होते आणि आवाज मात्र ढोलासारखा.

आता माझी चूक. मी पहिल्यांदा एक रेडीमेड मफलर (म्हणजे तोच मागचा डबा) बसवून घेतला, जागेवर उभ्या गाडीत ऐकला, मस्त वाटला, मऊ, खोल, अजिबात मोठा नाही. त्याच आठवड्यात आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला निघालो. पाचव्या गिअरला ९०-९५ च्या स्पीडला, २८०० आरपीएमच्या आसपास, आत असा घुमारा सुटला की कान दडपल्यासारखे झाले, साताऱ्यापर्यंत आईचं डोकं चढलं आणि पुढचा सगळा रस्ता ती डोळे मिटून बसली. बाहेर उभं राहून ऐकलं तर गाडी शांतच होती. तेव्हा कळलं की मोठा आवाज आणि घुमणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याला घुमणाऱ्याशी भांडायचंय.

तो का येतो ते गणितात बसतं, आणि गणित सोपं आहे. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा फायर होतं. २८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला साधारण ४७ फेरे, म्हणजे ९३ फायरिंग, म्हणजे ९३ हर्ट्झचा सूर. (तीन सिलिंडरला फेऱ्यामागे दीड फायरिंग धरायचं, म्हणून त्याच आरपीएमला ७० हर्ट्झ.) हॅचबॅकची केबिन म्हणजे मागून बंद केलेला डबाच, डिकीचा पत्रा आणि स्टेपनीचा खड्डा या खालच्या सुरांना साथ देतात आणि सगळी गाडी ढोलकीसारखी वाजते. आणि स्ट्रेट-थ्रू मफलरमधलं वूल वरचे सूर छान खातं पण इतका खालचा सूर त्याला सापडतच नाही. म्हणून नुसता चांगला डबा घेऊन भागत नाही.

यावर उपाय आहे जे-पाईप. मुख्य पाईपला टी-आकाराचा जोड देऊन बाजूला एक बंद टोकाचा पाईप जोडायचा, धूर त्यातून कुठेच जात नाही, फक्त आवाजाची लाट आत जाऊन बंद टोकावर आपटून उलटी येते आणि येणाऱ्या लाटेला खोडते. लांबी लाटेच्या पाव भागाइतकी लागते. सूत्र असं, आधी चार गुणिले हर्ट्झ करायचं आणि आवाजाच्या वेगाला त्या आकड्याने भागायचं. गरम धुरात आवाजाचा वेग बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त असतो, मागच्या भागात सेकंदाला ४५० मीटर धरून चाला. ४५० भागिले ३७२, म्हणजे सव्वा मीटरच्या थोडं आत. हा पाईप सरळच पाहिजे असं नाही, वळवून डब्याशेजारी बसवता येतो. व्यास मुख्य पाईपएवढाच ठेवा. जागा मागच्या डब्याच्या आधी, बाहेरच्या टोकापासून लांब, कारण उघड्या टोकाजवळ लाटेचा दाबच नसतो, तिथे लावलेला जे-पाईप नुसतं वजन. बंद टोक मुख्य पाईपपेक्षा जरा वर ठेवा म्हणजे धुरातलं पाणी आत साठून गंजणार नाही. आणि पहिल्या दिवशी हिशोबापेक्षा दहा सेंटीमीटर लांब ठेवून टोक तात्पुरतं क्लॅम्पने बंद करा, हायवेला जा, ऐका, थोडं कापा, परत जा. मला तीन खेपा लागल्या. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, शेजारी कोणाला तरी धरायला सांगा, घुमण्याचा उंचवटा कुठल्या हर्ट्झवर आहे ते स्पष्ट दिसतं, मग अंदाजाने पाईप कापायची वेळच येत नाही.

फॅब्रिकेटर निवडताना त्याने बनवलेली दुसरी गाडी बघा, खाली वाकून बेंड बघा. बेंडच्या आतल्या बाजूला पाईप चेपलेला दिसला तर तिथून परत या, मँड्रेल बेंड म्हणजे वळणावरही गोलाई तशीच राहायला हवी. आर्गन वेल्डिंग, एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) चा पाईप. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर ३०४ शिवाय दुसरं घेऊच नका, खारी हवा साध्या लोखंडाला दोन-तीन पावसात खाते. स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा जास्त लांबतं, म्हणून हँगरची रबरं नवीन टाका आणि पाईपच्या आजूबाजूला बोटभर मोकळी जागा आहे का बघा, नाहीतर गरम झाल्यावर पाईप अ‍ॅक्सलला किंवा हीटशील्डला लागून खडखडतो आणि माणूस आवाज मफलरमधून येतोय समजून डोकं धरून बसतो. पेट्रोल टाकी आणि ब्रेकच्या नळ्यांपासून अंतर. गाडीवर वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढायला लावा, तो 'काही होत नाही' म्हणेल, तरी काढायला लावा.

लिकेज तर आवर्जून बघा. गाडी थंड असताना चालू करा, एकाने जाड ओल्या फडक्याने मागचं टोक क्षणभर दाबायचं, दुसऱ्याने खाली कान लावायचा, जोडांमधून फुस्स आलं की लिकेज. हे फक्त आवाजाचं नाही. हॅचबॅकमध्ये मागे लिकेज असेल किंवा पाईपचं टोक बंपरच्या आतच संपत असेल तर धूर केबिनमध्ये ओढला जातो, त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नसतो आणि मागच्या सीटवर आपली झोपलेली पोरं असतात. टोक बंपरच्या बाहेर आलंच पाहिजे.

इंटेकचं म्हणजे इंजिनला हवा घेण्याच्या बाजूचं काम त्यामानाने छोटं. कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) तसाच ठेवा, आतलं फक्त फिल्टर बदला, म्हणजे धुऊन परत वापरायचं कापसाचं पॅनल फिल्टर. उघडा कोन, म्हणजे डब्याशिवाय बसणारं शंकूच्या आकाराचं फिल्टर, लावू नका. इंजिनजवळ, बोनेटखाली ट्रॅफिकमध्ये हवा बाहेरच्यापेक्षा ३० अंशांनी सहज जास्त तापलेली असते आणि दर १० अंशांना हवा साधारण तीन टक्के विरळ होते, म्हणजे पाच हजाराच्या वर पैसे घालवून तुम्ही इंजिनला नऊ-दहा टक्के पातळ हवा पाजताय. आवाज वाढतो म्हणून ताकद वाढल्यासारखी वाटते, एवढंच. एअरबॉक्सला जोडलेले ते रिकामे प्लॅस्टिकचे डबे असतात ना, ज्यांचा उपयोग कोणाला कळत नाही, तेसुद्धा रेझोनेटरच आहेत, इंटेकचा घोगरा आवाज तेच गिळतात, काढून फेकू नका. कापसाच्या फिल्टरला तेल लावताना हात आखडता ठेवा, तुमच्या गाडीत एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असेल तर जास्तीचं तेल त्यावर बसून गाडी अडखळायला लागते. चाकणच्या रस्त्यावरच्या धुळीत मी दर पाच हजार किलोमीटरला फिल्टर उघडून बघतो. खरं सांगायचं तर पेपरचं कंपनी फिल्टर वेळेवर बदललं तरी फार फरक पडत नाही, बजेट कमी असेल तर हे सोडून द्या आणि पैसे मफलरला लावा.

पावसाचं वेगळं सांगतो. हवा घ्यायचं तोंड खाली बंपरमागे नेणारे कोल्ड एअर किट आपल्या पावसाळ्यासाठी नाहीत. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं आणि तोंडातून पाणी आत गेलं की सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन खोलावं लागतं, आणि साध्या विम्यात इंजिन प्रोटेक्ट हे जास्तीचं कव्हर घेतलेलं नसेल तर तो खर्च सहसा आपल्याच खिशातून.

बदल करायच्या आधी आणि नंतर आवाज मोजा. टोकापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशाच्या कोनात, टोकाच्याच उंचीला फोन धरायचा, दोन्ही वेळा तीच जागा, तोच आरपीएम. फोनचा आकडा अचूक नसतो पण आधीचा-नंतरचा फरक कळतो. तीन डेसिबल वाढ कानाला जेमतेम कळते, दहा वाढले की दुप्पट मोठा वाटतो. पहाटेच्या कोल्ड स्टार्टलाही मोजा, थंड इंजिन जास्त आरपीएमला धरतं आणि शेजाऱ्यांना ऐकू येतं ते हेच. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, माझी सकाळ त्याच वेळेत सुरू होते. मी गाडी चालू करून जागेवर तापवत बसत नाही, अर्ध्या मिनिटात हळू काढतो, गेटबाहेर गेल्यावरच दोन हजाराच्या वर नेतो. दुसरी चाचणी पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाची, जाताना घाटात तिसऱ्या गिअरला चढवून बघायची आणि पुण्याकडे येताना बोगद्यात काच खाली करून ऐकायचं, जे काही कर्कश असेल ते भिंती लगेच दाखवून देतात.

यातून जो थोडा घुमारा उरला तो डिकीत मारला. कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बोटाने टकटक करा, जिथे टण्ण वाजतं तिथे ब्युटाइल शीटचा (पत्र्याची थरथर मारणारी चिकट रबरी शीट) तुकडा चिकटवा, सगळीकडे लावायची गरज नाही.

कायद्याचं साफ सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे, आणि आवाज किंवा धुराची मर्यादा मोडली तर पहिल्याच वेळेला दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. गाडी शांत आहे म्हणून नियमात बसते असं होत नाही. म्हणून फ्लँजवर (पाईपच्या टोकाची बोल्ट लावायची चकती) बोल्टने जोडलेलंच काम करून घ्या, कापून वेल्ड केलेलं नाही, म्हणजे कंपनीचा डबा तासाभरात परत बसतो. माझा जुना डबा तोंडाला प्लॅस्टिक बांधून, बोल्ट आणि गॅस्केट त्याच पिशवीत घालून माळ्यावर ठेवलाय.