बडोद्यातून हिमाद्रीला जायचं असेल तर

हिमाद्री म्हणजे आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं भारताचं संशोधन केंद्र. हवामानबदलाने झाडोरा कसा बदलतो ते पाहायला तिथे जायचं, तर बर्फ पाहिलेला नसला तरी अडत नाही. जमिनीवर चौकट टाकून तिच्यातल्या वनस्पती मोजता आल्या पाहिजेत. सयाजीराव विद्यापीठातून वनस्पतिशास्त्र घ्या, प्राणिशास्त्र घ्या किंवा भूशास्त्र, पण ‘आर’ या संगणकभाषेतली आकडेमोड बी.एस्सी.लाच शिका.

सरावाला बडोद्याजवळचा पावागड डोंगर आहेच. वनखात्याची लेखी परवानगी आधी. एक मीटरचे चार पीव्हीसी पाईप आणि चार एल्बो (कोपऱ्याचे जोड) घेऊन चौकट जोडा. मोजमाप आतल्या कडेचं धरायचं. एल्बोमुळे ते बदलतं, तेवढा पाईप कापा. दर १० सेंमीवर आडवी-उभी नऊ-नऊ नायलॉनची दोरी बांधा, म्हणजे १०० घरं होतात. सुतळी नको, भिजली की आखडते. कुठली जात किती घरांत दिसते ते लिहा. श्रावणात जा, मे महिन्यात वाळलेलं गवत ओळखणं कठीण. नाव अडलं तर नमुना दाबून, वाळवून विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात ताडून पाहा. मग तीच चौकट दुसऱ्याला मोजायला द्या, तुमची वही न दाखवता. दोन वह्यांतली तफावत पाहिल्याशिवाय ‘दहा वर्षांत जाती वाढल्या’ असं म्हणायचा हक्क नाही.

पर्वतशिखरांवर जगभर चालणाऱ्या ‘ग्लोरिया’ पद्धतीत हेच करतात: माथ्याच्या पाच मीटर खाली, चारही दिशांना ३×३ मीटरचा चौरस, त्याच्या चार कोपऱ्यांत एकेक चौकट. एकूण १६. शिवाय मातीत १० सेंमी खोल तापमानाचा लॉगर, म्हणजे आपोआप नोंदी ठेवणारं छोटं यंत्र. पावागडावर दोन उंचींवर लॉगर पुरून बघा. हवा ५०० मीटरला साधारण सव्वातीन अंश गार होते. मातीचा आकडा त्याच्याशी जुळेलच असं नाही, कारण ऊन, ओल आणि गवताचं आच्छादन मध्ये येतं. झाडोऱ्याला लागतं ते हेच मातीतलं तापमान.

पुढे नेट किंवा गेट या राष्ट्रीय परीक्षा. जेआरएफला (संशोधकाच्या सुरुवातीच्या शिष्यवृत्तीला) २०२३पासून महिना ३७,००० रुपये. हिमालयासाठी अल्मोड्याजवळची गोविंद वल्लभ पंत संस्था किंवा देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था बघा. ध्रुवाकडे जायचं तर गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र: स्वालबार्डमधलं हिमाद्री (२००८) आणि हिमालयात स्पितीतलं संशोधन केंद्र हिमांश (२०१६) तेच चालवतं.

प्रस्तावात ‘हवामानबदलाचा अभ्यास’ असं मोघम लिहू नका. कुठली जात, किती चौकटी, कोणता आठवडा ते सांगा. हिमाद्रीला झाडोऱ्याचं काम जुलैच्या आसपास धरा. हिवाळ्यात तिथे सूर्यच उगवत नाही. वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांपासून संरक्षणाची सोय घेऊनच निघायचं, मदतनीसाचा खर्च त्यात धरा. आणि लॉगरचे सेल लिथियमचे घ्या. साधे अल्कलाइन सेल गारठ्यात लवकर मान टाकतात.