सिस्प्लॅटिन डीएमएसओमध्ये विरघळवलं आणि आठ महिने पाण्यात गेले

इनऑरगॅनिकमधून एमएस्सी करून धातूंच्या कॅन्सरविरोधी औषधांकडे वळणारी मुलं हमखास विचारतात, "ताई, लिगंड (धातूला जोडला जाणारा रेणू किंवा आयन) कोणता घेऊ?" कोणताही घ्या. धातू आणि लिगंड मिळून बनणारा तो कॉम्प्लेक्स विरघळवणार कशात, ते आधी सांगा. माझे आठ महिने तिथेच गेले.

माझं काम रुथेनियम या धातूवर. कॉम्प्लेक्स आमच्या लॅबमध्ये बनवायचे आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून हार्बर लाइनने नवी मुंबईला सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर, तपासायला न्यायचे. कुर्ल्याला चढताना तो डबा छातीशी धरून उभं राहणं हा वेगळाच व्यायाम. सिनियरने दिलेल्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं: सगळे स्टॉक, म्हणजे साठवणीची दाट द्रावणं, डीएमएसओ या सेंद्रिय द्रावकामध्ये. सगळे म्हणजे कंट्रोल म्हणून, तुलनेसाठी, वापरायचं सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं कॅन्सरविरोधी औषधसुद्धा. मी निमूटपणे बनवले आणि प्रत्येक स्टॉक फ्रीझरमध्ये ठेवून महिनाभर वापरला.

एमटीटीची (जिवंत पेशी जांभळ्या दाखवणाऱ्या चाचणीची) प्लेट बाहेर काढली, तर सिस्प्लॅटिनच्या ओळी जांभळ्याच्या जांभळ्या, म्हणजे पेशी मजेत जिवंत. माझ्या कॉम्प्लेक्सच्या ओळी मात्र फिक्या. सिस्प्लॅटिनला मागे टाकलं! त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना मिसळ माझ्याकडून. आईने तर आत्याला फोन करून औषध सापडल्याचं कळवूनही टाकलं.

पुढच्या सेमिनारमध्ये एका परीक्षकांनी एवढंच विचारलं, "कंट्रोल कशात विरघळवलंत?"

आता हे नीट वाचा, घाई करू नका. सिस्प्लॅटिनचं सगळं काम त्याच्या दोन क्लोराइडवर चालतं. रक्तात क्लोराइड भरपूर, साधारण 100 मिलिमोलर, त्यामुळे तिथे ते बऱ्यापैकी टिकून राहतं. पेशीच्या आत क्लोराइड कमी. तिथे क्लोराइड सुटतो, त्याच्या जागी पाणी येतं आणि मग प्लॅटिनम डीएनएमधल्या ग्वानिनच्या एन-7 ला धरतं. डीएमएसओमध्ये सल्फर आहे आणि प्लॅटिनमला सल्फर भारी प्रिय. क्लोराइडच्या जागी डीएमएसओ जाऊन बसतं, तेही काही तासांत. म्हणजे कुपीवर नाव सिस्प्लॅटिन आणि आत भलताच कॉम्प्लेक्स, ज्याची मारक शक्ती जवळजवळ संपलेली. सात महिने मी मेलेल्या पैलवानाशी कुस्ती खेळत होते.

नंतर 0.9 टक्के सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात, म्हणजे क्लोराइड भरपूर) ताजं सिस्प्लॅटिन बनवून पुन्हा प्लेट लावली. त्याच्या ओळी फिक्या पडल्या आणि माझा कॉम्प्लेक्स बराच मागे राहिला. सात महिन्यांचे आकडे रद्द, आठवा नव्याने मोजण्यात गेला.

तुमचा कॉम्प्लेक्स पाण्यात विरघळतच नसेल तर डीएमएफ हा दुसरा द्रावक चालतो, पण अगदी थोडं, आणि नुसत्या डीएमएफचा वेगळा कंट्रोल हवाच. डीएमएसओशिवाय गत्यंतरच नसेल, तर निदान संयुग बदललंय का ते दाखवणारे यूव्ही किंवा एनएमआर वर्णपट लगेच, 24 तासांनी आणि 72 तासांनी घेऊन बघा. पेशींवरचा प्रयोग 72 तास चालत असेल, तर त्या वेळात तुमचं संयुग तेच राहतं की नाही, हे माहीत नसताना आयसी-50 (पेशींची वाढ निम्म्यावर आणणारं प्रमाण) छापणं मला लबाडी वाटते.

डॉकिंगच्या, म्हणजे रेणू कुठे कसा बसेल याच्या संगणकी अंदाजाच्या, रंगीत चित्रांबद्दलही माझं मत वाईट आहे. साध्या डॉकिंगला धातू आणि डीएनएमधला खरा बंध कळतच नाही, तरी प्रत्येक थिसिसमध्ये ती असतात. गाइड निवडताना पेपर मोजू नका. बेंचपाशी येऊन कुपीवरची तारीख वाचणारा गाइड मिळाला, तर सोडू नका.

एवढं ऐकून घाबरू मात्र नका. 1845 मध्ये पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने सिस्प्लॅटिन बनवलं, तेव्हा त्याचा कॅन्सरशी संबंध कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. 1965 मध्ये रोझेनबर्ग हा अमेरिकन शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होता, त्यात प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांनी जिवाणूंची वाढ बिघडवली. अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली 1978 मध्ये. त्यापुढे तुमचे आठ महिने काय!

आणि हो, सिस्प्लॅटिनचं सलाइनमधलं 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण फ्रिजमध्ये ठेवू नका, खडे खाली बसतात. हेही मला एक प्लेट वाया घालवल्यावरच कळलं.