‘पत्र्यांसाठी मदत’ असं लिहिण्याआधी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि आमच्या दापोली-मंडणगडालाही झोडपून गेलं. तेव्हा मला तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेत लागून जेमतेम आठ महिने झाले होते. त्या वेळची पावतीपुस्तकं कपाटात दिसली की अजून पोटात गोळा येतो.

आपत्तीनंतर तुम्हीही देणग्यांचं आवाहन लिहिणार असाल तर संस्थेची नोंदणी, ‘८०जी’ (देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता), संस्थेचं वेगळं खातं हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. माहीत नसेल तर आधी ते शिका. स्वतःच्या नंबरचा क्यूआर कोड फिरवायचा नाही, कितीही घाई असली तरी.

मी अडकले ते आवाहनाच्या एका ओळीत. वादळानंतर तिसऱ्या दिवशी रेंज मिळाली तशी टेकडीवर उभं राहून लिहिलं, ‘उडालेल्या छपरांना पत्रे द्या’. सोबत एक फोटो. परळपासून विरारपर्यंतच्या चाकरमान्यांनी पाचशे-हजार करत पैसे पाठवले. टाळेबंदीत ज्यांचा पगार अर्धा झाला होता, त्यांनीसुद्धा.

आणि पत्रेच मिळेनात. दुकानं रिकामी, भाव चढलेले. शिवाय वाडीत फिरल्यावर कळलं की अर्धी घरं कौलारू, त्यांना वासे आणि रिपा हव्यात. काही घरांवर तर आंबा-फणस आडवे पडलेले. झाड कापल्याशिवाय छप्पर कुठे घालणार? आम्ही त्याच पैशातून कटर मशीनवाल्यांची मजुरी दिली, पेट्रोल भरलं. काम योग्यच होतं, आजही तेच करीन.

पण पावतीवर ‘पत्रे’ छापलं होतं. एका वाडीच्या मुंबई मंडळातले काका फोनवर म्हणाले, “पोरी, झाडं तोडलीस ते बरं केलंस. पण मी पैसे पत्र्याला दिले होते.” यावर उत्तर नव्हतं. लेखापरीक्षकांनीही तेच विचारलं. ठरावीक कारणासाठी आलेला पैसा देणाऱ्याला न विचारता दुसरीकडे वळवता येत नाही. दोनशेहून जास्त लोकांना मी एकेक फोन करून लेखी संमती घेतली. तीन महिने गेले. काहींनी पैसे परत मागितले, काकांनीही. दिले.

म्हणून आवाहनाची ओळ अशी लिहा: ‘वादळग्रस्तांचा निवारा, साफसफाई व उपजीविका यांसाठी, शिल्लक रक्कम संस्थेच्या ठरावाने याच भागातल्या पुढील आपत्तीसाठी.’ वाचायला रुक्ष आहे. शहरातले सल्लागार सांगतील की एकच वस्तू मागा, लोक पटकन देतात. देतात, खरंय. नंतरचे फोन ते सल्लागार करत नाहीत. ‘उपजीविका’ तर गाळूच नका. सुपारी पुन्हा लावली तर पीक हाती यायला सहा-सात वर्षं लागतात आणि देणाऱ्यांना वादळ गणपतीपर्यंतच आठवतं.

घाबरू नका, बाकीचं जमतं. दोन हजारांवर रोख दिली तर देणाऱ्याला आयकराची सवलत नाही, एवढं आधीच सांगा. आखातातला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल आणि बँकेतून स्वतःची बचत पाठवत असेल तर चालतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचे पैसे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घ्यायचे नाहीत, तो कितीही गावचा असला तरी. नोंदणी नसलेल्या वाडीमंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी काढायला लावा.

जुने कपडे नको म्हणा. तोंडावर म्हणा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा घराघरांत चिखल होता. हवे होते फावडी, खराटे, गमबूट, पंप. आली फाटक्या साड्यांची गाठोडी. ती वेगळी करण्यात चार माणसांचे दोन दिवस गेले, याचा राग माझा अजून उतरलेला नाही.

त्या वेळी आवाहनात नवी ओळ होती. पैसा गाळ काढायलाही लागला, टपऱ्या उभ्या करायलाही, कुणाचा फोन आला नाही. काकांचे हजार रुपये मात्र आले, सोबत शेरा: ‘फक्त पंपासाठी’. पंपालाच लावले आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी पाठवला.