थंडी सरताना व्हेरिगेटेड पाम घेणाऱ्यांसाठी आणि वाढवणाऱ्यांसाठी

थंडी ओसरून रात्रीसुद्धा हवा उबदार राहायला लागली की पामची मुळं जोमात चालू होतात, त्यामुळे नवीन झाड आणायचं असो की जुन्याचे फुटवे वेगळे करायचे असोत, हाच काळ धरा. व्हेरिगेटेड पाम, म्हणजे पानांवर पांढरे-हिरवे पट्टे असलेला, असेल तर जास्तच, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, झाड मुळातच कमी अन्नावर जगत असतं आणि थंडीत मुळं दुखावली की सावरायला फार वेळ घेतं.

हे पाम सहज का मिळत नाहीत? बहुतेक वेळा पट्टे येतात ते शेंड्यातल्या काही पेशींत अचानक झालेल्या बदलामुळे. एकखोडी पामला शेंडा एकच, फांद्या नाहीत, कटिंग लागत नाही, म्हणजे तसं झाड निघालं तरी ते एकटंच राहतं, आणि शेंडा छाटलात तर तेही गेलं. म्हणून घरासाठी शोधायचं तर बेटाने वाढणारे, म्हणजे बुडातून अनेक खोडं फुटणारे पाम बघा, म्हणजे लेडी पाम (ऱ्हापिस एक्सेल्सा), अरेका, फिशटेलमधला कॅरिओटा मायटिस. माझं मत विचाराल तर पहिलं झाड लेडी पामच घ्या. हळू वाढतो पण घरातला कमी उजेड आणि कोरडी हवा बाकीच्यांपेक्षा चांगली सोसतो, आणि जपानात त्याच्या पट्टेदार जाती कितीतरी पिढ्या कुंडीत जपल्यात, झुइकोनिशिकी त्यातलीच एक.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घेताना काय बघायचं. पिवळं पान म्हणजे व्हेरिगेशन नव्हे हो! जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी पडलंय, जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके आणि करपलेली टोकं असतील तर पोटॅशियम, आणि नवीन पानच फिकट येत असेल तर बहुतेक लोह. खरा पट्टा पानाच्या लांबीने सरळ जातो, कड स्पष्ट असते, आणि तो नवीन पानातही येतो. म्हणून न उघडलेलं सुईसारखं पान आणि देठाचा बुंधा नीट बघा, तिथे पांढऱ्या-हिरव्या रेघा असतील तरच पैसे द्या. पूर्ण पांढरं झाड कितीही देखणं दिसलं तरी नको, त्याला स्वतःचं अन्नच करता येत नाही. बारीक बारीक पट्टे सगळीकडे पसरलेलं झाड टिकतं. पिनँगा पामच्या काही जाती आणि लिक्युआला 'मापू' हा पाम यांची ठिपकेदार पानं मात्र जातीचाच गुण आहे, ती बियांपासूनही तशीच येतात, ज्यांना खात्री हवी त्यांनी ती घ्यावीत, फक्त दमटपणा भरपूर लागतो.

फुटवे वेगळे करताना घाई नको. फुटव्याला स्वतःची मुळं हवीत, दोन-तीन खोडांचा गट एकत्र काढला तर जास्त चांगलं. ज्या खोडावर पट्टे आहेत त्याच्याच बुंध्यातून आलेला फुटवा निवडा, आणि बेटात पूर्ण हिरवं खोड आलं तर लवकर काढा, ते जोरात वाढून पट्टेदार खोडांना दाबून टाकतं. कुंडी मुळांपेक्षा थोडीशीच मोठी, माती पाणी लगेच सोडणारी, आणि नवीन पान वाढायला लागेपर्यंत खत अजिबात नाही.

उजेड भरपूर पण थेट ऊन नको, दुपारच्या उन्हात पांढरा भाग करपतो आणि करपलेला परत येत नाही. वरची माती सुकली की पाणी. अरेकाला फ्लोराइडचं पाणी सोसत नाही, टोकं तपकिरी होतात, पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. हवा तापून कोरडी झाली की लाल कोळी ही कीड येणारच, पानांची खालची बाजू दर आठवड्याला ओल्या कापडाने पुसा, पिठ्या ढेकूण देठाच्या बेचक्यात लपतो तिथेही बघा. कडुलिंबाचं तेल फवारायचं तर आधी एका पानावर फवारून थोडे दिवस थांबा.

नर्सरीवाल्यांसाठी एक. पामचं बी टाकलंय त्यांनी ट्रे नीट चाळा, हजारोंत एखादं पट्टेदार निघतं. पूर्ण पांढरी रोपं बियांतलं अन्न संपलं की मरतात, त्यांच्यामागे लागू नका. पट्टेदार रोप वेगळं काढून चिठ्ठी लावा आणि पुढची पाच-सहा पानं तशीच येतात का बघा, त्याआधी व्हेरिगेटेड म्हणून विकू नका.