कुत्र्यांच्या हिमँजिओसार्कोमाच्या पेशींवर काम करताना या चुका टाळा

हिमँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कर्करोग. प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्याच्या पेशींवर औषधाच्या चाचणीचे आकडे दर वेळी वेगळे येऊ लागले की पहिला संशय औषधावर जातो. त्याआधी फ्लास्कमध्ये नक्की कोण वाढतंय ते तपासा.

प्लीहेतल्या गाठीत बराचसा भाग गोठलेल्या रक्ताचा आणि मेलेल्या ऊतींचा असतो. तिथला तुकडा घेतला तर हाती काहीच लागत नाही, त्यामुळे नमुना कडेच्या जिवंत भागातून घ्या. त्यातूनही फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या साध्या पेशी) झपाट्याने वाढून मूळ पेशींना मागे टाकतात. नुसत्या आकारावरून निवाडा करू नका, कारण कर्करोगाच्या पेशीही पुष्कळदा तशाच लांबट दिसतात. सीडी३१ आणि व्हॉन विलब्रँड फॅक्टर ही रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींची ओळख पटवणारी प्रथिनं, दोन्ही बघा. मानवी प्रथिनांसाठी बनवलेल्या काही अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे रेणू) कुत्र्याच्या पेशींना चिकटत नाहीत, तेव्हा कुत्र्याच्याच निरोगी एंडोथेलियल (रक्तवाहिनीच्या अस्तराच्या) पेशी सोबत ठेवल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहू नये. ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने फ्लास्कच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवताना पृष्ठभागावरची काही प्रथिनं कापली जातात, हेही फ्लो सायटोमेट्रीच्या (एकेक पेशी प्रकाशाने तपासण्याच्या पद्धतीच्या) वेळी ध्यानात असू द्या.

मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूच्या संसर्गाने पेशी वाढवायचं माध्यम गढूळ होत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन निरुपयोगी, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. नवी सेल लाइन (सतत वाढवता येणाऱ्या पेशींचा वाण) आली की त्यात मायकोप्लाझ्माचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीचा निकाल येईपर्यंत ती वेगळ्या इन्क्युबेटरमध्येच ठेवा.

डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाची एक गोम फार लोकांना उशिरा कळते: हे औषध स्वतःच नारिंगी-लाल चमकतं. मेलेल्या पेशी मोजायला प्रोपिडियम आयोडाइड हा चमकणारा रंग वापरला तर दोघांचे प्रकाश एकमेकांत मिसळतात आणि जिवंत पेशीही मेलेल्या वाटतात. ‘औषध आहे, रंग नाही’ असा एक कंट्रोल (तुलनेचा नमुना) हवाच. शिवाय एमटीटी चाचणी पेशींचा चयापचय मोजते, मृत्यू नव्हे. सावकाश दुप्पट होणारी लाइन ७२ तासांत उगाचच औषधाला दाद न देणारी भासते. म्हणून औषध घालतानाच्या क्षणीही एक प्लेट मोजून ठेवा.

पेशी जुन्या होण्याआधीच भरपूर व्हायल्स गोठवा. ओळख पटवायला कुत्र्यांसाठीचंच एसटीआर किट (डीएनएमधल्या छोट्या पुनरावृत्ती तपासणारं) लागतं. आणि नमुना घेतानाच त्या कुत्र्याच्या निरोगी ऊतीचा डीएनए जपून ठेवा. पुढे टीपी५३ किंवा पीआयके३सीए या जनुकांमध्ये बदल दिसला, तर तो जन्मजात की गाठीतला, हे त्याच्याशी ताडूनच ठरवता येतं.