दाब १५२, पडद्यावर ०४२

तासगावजवळ काकांच्या द्राक्षबागेत ठिबकसाठी मी एटीमेगा३२८ या छोट्या चिपवर कंट्रोलर बसवलाय. पडद्यावर पाण्याचा दाब दिसतो, मोटार किती मिनिटं चालली ते सिरियल वायरीवरून बाहेर जातं. दोन दिवस नीट चाललं. मग काकांचा फोन, "अरे, दाब मधेच बेचाळीस दाखवतोय, पाणी तर जोरात पडतंय!"

सेन्सर बदलला, वायर बदलली. फरक शून्य.

दोष आकड्याचा मजकूर करणाऱ्या माझ्या फंक्शनमध्ये होता. त्यात स्टॅटिक बफर होता, म्हणजे अक्षरं ठेवायची एकच कायमची जागा, आणि तेच फंक्शन मेन लूपही (सतत फिरणारा मुख्य कोड) बोलवायचा, टायमर इंटरप्टही (ठरावीक वेळाने लूपला थांबवून मधेच चालणारा कोड). लूपने १५२ मधले १ आणि ५ लिहिले, तेवढ्यात इंटरप्ट आला आणि त्याच बफरात मिनिटांचे ०४७ लिहून गेला. लूपने परत येऊन शेवटचा २ ठेवला. झालं ०४२! व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाच-लिही असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावून पाहिलं, पण त्याने काय होणार? जागा एकच राहते.

मग स्टॅटिक काढलं. बफर आता बोलावणाऱ्याने द्यायचा. हे फंक्शन अजूनही प्युअर (दिलेल्या आकड्यांवरून फक्त उत्तर देणारं, बाहेर काहीच न बदलणारं) नाही, कारण ते दिलेल्या मेमरीत लिहितं. पण रीएन्ट्रंट आहे, म्हणजे अर्ध्यात असताना पुन्हा बोलावलं तरी बिघडत नाही, आणि इथे तेवढंच लागतं. एडीसीचा (सेन्सरच्या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) ० ते १०२३ आकडा दाबात बदलणारं फंक्शन मात्र प्युअर होतं, सगळं लोकल व्हेरिएबलमध्ये, म्हणून ते कधीच चुकलं नाही.

खरं तर इंटरप्टमध्ये मजकूर बनवूच नये. तेही काम आता लूपमध्ये आणलंय. मिनिटांचा काउंटर १६ बिटांचा, चिप ८ बिटांची, म्हणजे तो दोन तुकड्यांत वाचला जातो; मधेच बदलू नये म्हणून वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवतो.

काका आता पडदा बघूनच व्हॉल्व्ह फिरवतात.